शंभराला एक

माळ्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ फूट.
रुंदी दीड. त्याहून जास्त मागितली
तर शालनचं शिलाई मशीन कुठं जाणार?
नऊ बाय दीड. विषय संपला.

नातू म्हणतो, आजोबा, छोट्या मापाची घ्या,
पुण्यात तयार मिळते, खोक्यात.
रूळ, डोंगर, बोगदा, सगळं एका टेबलावर बसतं
आणि गाडी गोल गोल फिरते.
बसतं की. पण त्या इंजिनाचा दांडा
माझ्या बोटांना सापडत नाही,
डोळ्यांना तर ती मुंगीची मिशी.
शिवाय कोल्हापुरात गाडी गोल कुठं फिरते?
मिरजेहून येते, बफरला नाक लावते,
दम खाते, आणि आल्या वाटेनं परत.

म्हणून साडेत्रेचाळीस फुटांना एक फूट.
डबा येतो दीड फुटाच्या वर.
दोन डबे, एक इंजिन, झाले साडेचार.
निम्मी फळी संपली,
अजून सांधा बदलायचाय.

कागदावर पेन्सिलीची स्टेशनं खोडत आलो.
हातकणंगले गेलं. रुकडी गेली.
रुकडीच्या अलीकडचा पंचगंगेचा पूल
खोडताना रबर दोनदा थांबलं.
वळिवडे ठेवावं का? नको.
गूळ मार्केट मात्र ठेवलं: एक सायडिंग, तीन वाघिणी,
आत गुळाचे रवे, प्रत्येकी वाटाण्याएवढे.

शालन मशीनवरून मान न उचलता विचारते,
गाडी जाते कुठं?
कपाटामागं.
कपाटामागं काय हाय?
मिरज.
मशीन थांबलं. माहेर मिरजेचं तिचं.
म्हणाली, मग तिथलं जरा झाडून घेते.

चाकं लेथवर काढणार. उद्यमनगरात
चौगुल्यांचा पोरगा दुपारी तासभर मशीन देतो.
रुळांमधलं अंतर निघालं साडेअडतीस मिलिमीटर,
आणि एकट्यानंच हसलो:
ब्रॉडगेज साडेपाच फूट. मीही साडेपाच फूट.
म्हणजे फलाटावर उभा करायचा माझा माणूस
तेवढाच, साडेअडतीस.
वेगळा गेज कशाला करायचा?
रूळ ठोकताना स्वतःलाच मधे आडवा धरायचं,
डोकं एका रुळाला, टाचा दुसऱ्याला.
बसला की अंतर बरोबर.
शालनला हे सांगितलेलं नाही.

दस्तगीर मुल्लाणी, पॅटर्नशॉपचे आमचे मिस्त्री,
त्यांनी पहिल्याच दिवशी हातात जी पट्टी दिली
तिच्यावरचा फूट फुटापेक्षा मोठा होता.
म्हटलं, मिस्त्री, पट्टी चुकलीय.
पट्टी न्हाई रं, बिडाची खोड हाय ती.
थंड होताना आकसतंय. शंभराला एक.
लाकूड तेवढं वाढीव ठेव,
मग वस्तू मापात उतरती.

चाळीस वर्षं पंपांच्या बॉड्या वाढीव कोरल्या.
आता फलाट आखायला तीच पट्टी काढलीय.
इथं ओतकाम नाही, भट्टी नाही,
सागवान आहे, ते आहे तेवढंच राहणार,
हे मला कळतं.
तरी तिकिटाची खिडकी, घड्याळ, पाण्याचा नळ,
आणि शनिवारी सुट्टी झाली की
ज्या बाकावर चपला काढून मिस्त्री गाडीची वाट बघायचे
तो बाक,
सगळं शंभराला एक वाढीव.

शेवटी बफर. दोन उभे, एक आडवा, लाल.
तो भिंतीला टेकवला नाही.
पुढं चार इंच फळी मोकळी सोडली.
नातू म्हणाला, ही कशाला?
कोकणात जायला.
चार इंच, म्हणजे आपल्या मापानं
साडेचौदा फूट, कोकणच्या दिशेनं.
सुरुवात म्हणून वाईट नाही.

काल बघतो, तर तिथं शालननं
बॉबिनचा डबा ठेवलाय.
राहू दे.
गाडी निघायची ठरली, की उचलू.